शिंजीर ओळखा, शिंजीर बोलवा: अंगणात आणि गॅलरीत सूर्यपक्षी यावेत म्हणून

जास्वंदीवर चिमणीपेक्षाही लहान, काळा दिसणारा एक पक्षी येतो. फुलासमोर क्षणभर पंख फडफडवत हवेतच थांबतो आणि उन्हाकडे वळला की निळा-जांभळा झळाळून उठतो. पाहणारे बरेच जण लगेच सांगतात, "आमच्याकडे हमिंगबर्ड येतो!" हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत सापडतात. आपल्या अंगणात येतो तो शिंजीर. कुणी त्याला सूर्यपक्षी म्हणतं, कुणी फुलचुखी. हमिंगबर्डशी त्याचं नातं नाही. दोघेही फुलांतल्या मधावर जगतात, म्हणून चोच आणि सवयी सारख्या झाल्या. फरक बघायचा तर पक्षी मध पितो कसा ते बघा. शिंजीर शक्यतो फांदीवर, देठावर किंवा फुलावरच बसून पितो. हवेत थांबणं त्याला जमतं, पण तो ते नाइलाजानेच करतो.

हा पक्षी शहरातल्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतही येऊ शकतो, हे आधीच सांगतो, कारण "आमच्याकडे कुठे अंगण आहे" म्हणून अनेक जण सुरुवातच करत नाहीत. दोन गोष्टी लागतात. एक, त्याला चालतील अशी फुलं. दुसरी, किडे आणि कोळी जगू देणारी जागा. पहिली गोष्ट सगळे करतात. दुसरीकडे दुर्लक्ष होतं आणि मग फुलं भरपूर असूनही पक्षी येऊन-जाऊन राहतात, ठरत नाहीत.

पायरी १: कोणता शिंजीर आहे ते ठरवा

महाराष्ट्रात घराजवळ दिसणारे शिंजीर मुख्यतः दोन जातींचे: जांभळा शिंजीर आणि जांभळ्या पाठीचा शिंजीर. दोघेही सुमारे दहा सेंटीमीटर लांबीचे, वजन जेमतेम आठ-दहा ग्रॅम. चोच बारीक, लांब आणि खाली वळलेली.

जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या काळात सावलीत चक्क काळा दिसतो. ऊन पडलं की तोच निळा, जांभळा, कधी हिरवट चमकतो. ही चमक रंगद्रव्याची नाही. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परत फिरतो त्याची आहे. म्हणून उजेडाचा कोन बदलला की रंगही बदलतो. नवख्यांनी "काळा होता" आणि "निळा होता" अशा दोन नोंदी केल्या असतील तर पक्षी बहुधा एकच असतो. गाताना तो उंच, उघड्या फांदीवर किंवा तारेवर बसतो, आणि पंख हलवले की खांद्याखालून पिवळ्या-नारिंगी पिसांचे झुबके डोकावतात.

जांभळ्या पाठीच्या शिंजिराचा नर जास्त रंगीत. पोट पिवळं, पाठ गडद तांबूस, डोक्यावर चमकदार हिरवी टोपी, गळा जांभळा आणि त्याखाली छातीवर तांबूस पट्टा. शेपटीच्या वर, पाठीच्या खालच्या भागात जांभळी चमक असते, पण ती दिसायला पक्ष्याने पाठ करून बसायला हवं. घाईत एकच खूण बघायची असेल तर पोट बघा: चमकदार गळ्याखाली स्वच्छ पिवळं पोट असेल तर तो हाच.

खरी गफलत माद्यांमध्ये होते. दोन्ही माद्या वरून मातकट-हिरवट आणि खालून पिवळसर. इथे गळा बघायचा. जांभळ्या पाठीच्या शिंजिराच्या मादीचा गळा राखाडी-पांढरा असतो आणि पिवळा रंग छातीपासून सुरू होतो. जांभळ्या शिंजिराच्या मादीचा पिवळेपणा गळ्यापासूनच असतो, थोडा फिकट आणि सलग. दुर्बीण नसली तरी पक्षी दोन मीटरवर आला की हा फरक डोळ्यांना दिसतो.

आणखी एक गोष्ट नवख्यांना फार गोंधळात टाकते. विणीचा हंगाम संपला की जांभळ्या शिंजिराचा नर आपला झगमगीत पेहराव उतरवतो आणि मादीसारखा मळकट होतो. तेव्हा त्याला ओळखायची खूण म्हणजे गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध उतरलेली काळसर रेघ. "आमचा निळा पक्षी निघून गेला, आता दुसराच कुणी येतो" असं वाटलं तर आधी ती रेघ शोधा. जांभळ्या पाठीचा नर मात्र वर्षभर रंगीतच राहतो.

सह्याद्रीच्या जवळ राहत असाल तर लाल गळ्या-छातीचा, लांब शेपटीचा एक शिंजीरही दिसू शकतो. तो पश्चिम घाटाचा खास रहिवासी आहे. तिथेच लांब चोचीचा शिंजीरही आहे. तो जांभळ्या शिंजिरासारखाच, पण चोच स्पष्टपणे लांब आणि जास्त वळलेली, पोट तपकिरी छटेचं.

आता, जे शिंजीर नाहीत ते. शिंप्याची चोच सरळ आणि शेपटी उभी असते. चष्मेवाल्याच्या डोळ्याभोवती पांढरं कडं असतं आणि तो थव्याने येतो. फुलटोचा शिंजिरापेक्षाही छोटा, चोच आखूड. या तिघांच्या नुसत्या चोचीकडे नीट पाहिलं तरी घोळ होत नाही.

आवाजासाठी मोबाईलवर मर्लिन हे मोफत ॲप घ्या. ते पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सुचवतं. पण त्याने सुचवलेलं नाव म्हणजे अंदाज. पक्षी डोळ्यांनी बघूनच नोंद करा. आणि ओळख झाल्यावर त्याच ॲपमधला आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावू नका. विणीच्या काळात नराला तो घुसखोर वाटतो, आणि मग तो खाणंपिणं सोडून त्या आवाजामागे फिरत राहतो.

पायरी २: फुलं निवडा

शिंजिराला नळीसारखी, मधाने भरलेली फुलं लागतात. लाल-केशरी फुलांकडे तो लवकर वळतो, पण रंगापेक्षा मध महत्त्वाचा. शेवग्याची आणि अडुळशाची पांढरी फुलंही त्याला चालतात. गुलाब, झेंडू, शेवंती हौसेने लावा, पण शिंजिरासाठी त्यांचा फारसा उपयोग नाही.

कुंडीत लावण्यासारखं पहिलं झाड जास्वंद. तीही साधी, एका थराच्या पाकळ्यांची, गावठी लाल. दुहेरी पाकळ्यांच्या संकरित जास्वंदी दिसायला भरगच्च असतात, पण मधापर्यंत वाट सापडणं कठीण. जास्वंदीचा मध पाकळ्यांच्या बुडाशी असतो. शिंजीर बहुतेक वेळा फुलाच्या तोंडातून आत जातच नाही. तो देठावर बसतो, मान वाकवतो आणि मागच्या बाजूने, पाकळ्या जिथे एकमेकींवर येतात तिथून किंवा थेट बूड टोचून मध काढतो. सकाळी उमललेलं फूल दुपारी हातात घेऊन उलटं करा. बुडाशी बारीक चीर दिसली की समजा, तुम्ही घरात असताना पाहुणा येऊन गेला.

जास्वंदीला रोज पाच-सहा तास तरी ऊन हवं आणि कुंडी निदान बारा इंची हवी. फूल एकच दिवस टिकतं, म्हणून दोन झाडं असली की रोज काही ना काही उमललेलं राहतं. देवपूजेसाठी फुलं तोडत असाल तर सगळी तोडू नका. चार-पाच झाडावर राहू द्या. सकाळी सगळी फुलं परडीत गेली तर पक्ष्याच्या फेरीत तुमची गॅलरी गळते. शिंजीर मधाच्या जागा लक्षात ठेवून रोज फेरी मारतो, आणि रिकामी जागा तो पुन्हापुन्हा बघत बसत नाही.

जास्वंदीच्या जोडीला मिरची जास्वंद, हमेलिया, रसेलिया, कर्दळ यांपैकी जे जागेत बसेल ते लावा. रसेलियाच्या लोंबत्या फांद्या गॅलरीच्या कठड्यावर छान बसतात आणि लाल नळ्या कायम लागलेल्या असतात. हमेलिया जवळजवळ वर्षभर फुलते. माझ्या मते छोट्या जागेसाठी तिच्याइतकं भरवशाचं झाड नाही. ही दोन्ही मूळची परदेशी, पण कुंडीत आवाक्यात राहतात.

जमीन असेल तर मात्र आपली देशी झाडं लावा, आणि त्यांचा बहर एकामागून एक येईल असं बघा. काटेसावर, पळस आणि पांगारा थंडी सरताना फुलतात. त्यांच्या पाठोपाठ उन्हाळ्यात धायटी. तिच्या लालभडक फुलांनी लगडलेल्या फांद्यांवर शिंजिरांची दिवसभर ये-जा असते. मुरुडशेंग पावसाळ्यात आणि त्यानंतर. परसात केळ असेल तर केळफुलाच्या पाऱ्यांखालच्या फुलांसाठी शिंजीर हमखास येतो. लोंगर सुटल्यावर केळफूल भाजीसाठी काढायचं असेल तर काही दिवस थांबा. आंब्यावर बांडगूळ असेल तर तेही समूळ उपटण्याआधी विचार करा. झाड खंगत असेल तर काढावंच लागतं, पण एखाद्या मोठ्या, धडधाकट झाडावरचा एखादा झुबका ठेवायला हरकत नाही. त्याची नळीदार फुलं शिंजिराला आवडतात आणि फळं फुलटोच्याला.

घाणेरी लावू नका. तिच्यावर फुलपाखरं येतात, शिंजीरही येतो, हे खरं. पण ती पसरून रानं गिळते, आणि बिया पक्ष्यांमार्फतच लांब जातात.

पायरी ३: औषध फवारणं थांबवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. शिंजीर फक्त मधावर जगत नाही. तो बारीक किडे आणि कोळीही खातो, आणि पिल्लांना तर मुख्यतः किडे-कोळीच भरवतो; नुसत्या गोड रसावर पिल्लं वाढत नाहीत. कीटकनाशक मारलेली बाग पिल्लांच्या दृष्टीने रिकामी असते. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं झाडाच्या आत शोषली जातात आणि फुलांच्या मधातही उतरतात. म्हणजे ज्या फुलासाठी पक्ष्याला बोलावलं, त्याच फुलातून विष.

पण जास्वंदीवर मिलीबग येतो, मावा येतो, त्याचं काय? सुरुवातीलाच लक्ष ठेवलं तर औषध लागत नाही. दर दोन-तीन दिवसांनी कोवळे शेंडे आणि पानांची मागची बाजू बघा. पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला की पाण्याचा जोरदार फवारा मारून धुऊन काढा. चिवट असेल तर सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने पुसा आणि नंतर साध्या पाण्याने धुवा. शेंडा फारच भरला असेल तर छाटून पिशवीत बांधून टाका. कुंडीतच टाकलात तर कीड परत चढते. मुंग्यांवरही नजर ठेवा. मिलीबगच्या गोड स्रावासाठी त्या येतात आणि त्याची राखण करतात. कडुनिंबाचं तेल वापरायचं असेल तर संध्याकाळी, फुलं वगळून, आणि जवळ घरटं नसतानाच.

थोडा मावा राहिला तर राहू द्या. त्यावर जगणारे बारीक जीवच पुढे पिल्लांच्या तोंडात जातात.

पायरी ४: कोळिष्टकं राहू द्या

साफसफाई करणाऱ्याला हे पटवणं अवघड आहे, पण शिंजिराचं घरटं कोळ्याच्या जाळ्याशिवाय उभंच राहत नाही. घरटं बांधते ती मादी. गवताचे बारीक तंतू, वाळकी पानं, सालीचे तुकडे हे सगळं ती कोळिष्टकांनी बांधत जाते. जाळं ताणलं तरी तुटत नाही, म्हणून पिल्लं मोठी होताना घरट्याला थोडं सैलावता येतं. खिडकीच्या कोपऱ्यातलं जाळं ओढताना ती हवेत थांबते, चोच दोन-तीनदा गुंडाळल्यासारखी फिरवते आणि तो पांढरा धागा चोचीला लपेटून उडते. हे एकदा पाहिलं की झाडू तिथेच थबकतो.

घराच्या आतली जाळी खुशाल काढा. बाहेरची, म्हणजे छज्जाखालची, कुंपणाच्या कोपऱ्यातली, कुंड्यांच्या मागची, तेवढी ठेवा. निदान थंडी संपल्यापासून पावसाळा सुरू होईपर्यंत तरी. जांभळ्या शिंजिराची वीण मुख्यतः याच काळात होते. जांभळ्या पाठीचा शिंजीर वर्षात इतर वेळीही घरटं करतो.

पायरी ५: पाणी

पसरट, उथळ भांडं घ्या, दोन-तीन सेंटीमीटरच पाणी भरा आणि मधे एखादा खडबडीत दगड ठेवा. काचेसारखं गुळगुळीत भांडं नको, पाय घसरतात. पाणी रोज बदला, डासांचाही प्रश्न मिटतो. शिंजिराला भांड्यापेक्षा ओली पानं जास्त आवडतात. सकाळी झाडांवर पाणी शिंपडलं की तो पानावर पडलेल्या थेंबांत अंग घासून आंघोळ करतो. केळ आणि कर्दळ यांची रुंद पानं त्यासाठी उत्तम.

पायरी ६: साखरपाणी द्यावं का?

मी देऊ नये या मताचा आहे. फुलं असतील तर त्याची गरज नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात साखरपाणी काही तासांत आंबायला लागतं. भांडं रोज घासलं नाही तर त्यात बुरशी धरते आणि आलेला प्रत्येक पक्षी तिथेच चोच घालतो. शिवाय मुंग्या आणि गांधीलमाश्या.

तरीही झाडं वाढेपर्यंत ठेवायचंच असेल, तर एक भाग पांढरी साखर आणि चार भाग पाणी, एवढंच. मध नको, गूळ नको, खायचा रंग तर अजिबात नको. भांडं सावलीत टांगा, रोज रिकामं करून गरम पाण्याने धुवा. दोन दिवस गावाला जाणार असाल तर उतरवून ठेवा.

लाकडी घरटी विकत आणू नका. शिंजीर खोक्यात किंवा ढोलीत राहत नाही, त्याला लटकतं घरटं लागतं.

पायरी ७: घरटं झालं तर

बारीक फांदीच्या टोकाला, कपडे वाळत घालायच्या दोरीला, दिव्याच्या वायरीला, दारावरच्या वाळक्या तोरणाला, कुठेही ते लटकू शकतं. माणसांची ये-जा असलेली जागाही शिंजीर निवडतो. लांबट बटव्यासारखं घरटं, बाजूला दार, दारावर छोटासा छज्जा, आतून मऊ कापूस. बाहेरून मात्र साल, वाळका कचरा, सुरवंटांची विष्ठा असं काहीबाही चिकटवलेलं. म्हणूनच नवख्याला ते अडकलेलं जळमट वाटतं आणि काढून टाकलं जातं. लटकणारा कचरा काढण्याआधी बाजूला भोक आहे का ते बघा.

अंडी बहुधा दोन. साधारण दोन आठवडे मादी ती उबवते, आणि पुढचे सुमारे अडीच आठवडे पिल्लं आत असतात. म्हणजे सगळं मिळून महिनाभराचा प्रश्न. तेवढे दिवस ती दोरी वापरू नका, ती फांदी छाटू नका, आणि तोरण असेल तर सण आला तरी तसंच राहू द्या. घरट्याजवळ उभं राहून मोबाईलने फोटो काढू नका. फ्लॅश तर नकोच. तुम्ही जवळ असेपर्यंत मादी चोचीत किडा धरून समोरच्या तारेवर थांबून राहते, आणि आत पिल्लं उपाशी असतात. चार-पाच मीटरवर, पडद्याआडून बसलात तर ती तुम्हाला हिशेबातही धरत नाही. कावळा, भारद्वाज आणि मांजर यांचं लक्ष तुमच्या वारंवार जाण्यायेण्यामुळेच घरट्याकडे वळतं, हे ध्यानात ठेवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांचं घरटं किंवा अंडी यांना त्रास देणं शिकारीच्या व्याख्येत येतं. सोसायटीत कुणी "काढून टाका" म्हणालं तर हे शांतपणे सांगा.

याच दिवसांत नर खिडकीच्या काचेवर किंवा गाडीच्या आरशावर चोची मारताना दिसेल. आपलं प्रतिबिंब त्याला प्रतिस्पर्धी वाटतं आणि तो दमेपर्यंत भांडत राहतो. काचेला बाहेरच्या बाजूने कागद किंवा जुनी चादर लावा. आतला पडदा ओढून उपयोग नाही, त्याने प्रतिबिंब उलट ठळक होतं. गाडीच्या आरशावर कापडी पिशवी अडकवली की काम होतं.

पिल्लू खाली पडलेलं सापडलं आणि त्याला पिसं फुटलेली असतील, तर ते बहुधा उडायला शिकत असतं. हातात घेऊन जवळच्या दाट फांदीवर ठेवा, मांजराला आत घ्या आणि लांब जा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत खरी नाही. पिसं नसलेलं पिल्लू शक्य असेल तर अलगद परत घरट्यात ठेवा. तोंडात पाणी, दूध, भिजवलेली पोळी काही घालू नका. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात सुती कापडावर, अंधारात आणि शांत जागी ठेवा, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.